वासावरचा आळ

११ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की हे पत्र तू लगेच फोडणार नाहीस. आधी रोपांना पाणी घालशील, हात धुशील, चहा ठेवशील. मग बायको विचारेल, ‘कोणाचं आहे?’ तेव्हा नाइलाजाने फोडशील. तर आता चहा पिऊन झाला असेल. नीट बस आणि वाच. कोणी गेलेलं नाही. आई खणखणीत आहे. मीही आहे.

बाबांना ‘ते’ झालंय.

‘ते’ म्हणजे काय हे तुला सांगायला नको. आजोबांना झालं होतं, आत्याला झालं होतं. आपल्या घरात त्याला कधी नावच नव्हतं. पन्नाशी उलटली की माणूस रस्ता विसरायला लागतो, मग माणसं विसरायला लागतो, आणि घरातले हळू आवाजात म्हणतात, ‘त्यांनाही ते लागलं.’ आता डॉक्टरांनी नाव दिलंय, अल्झायमर. नाव मिळाल्याने आजार कमी होत नाही, पण निदान कुजबुजायची गरज उरत नाही.

मला कळलं ते वकीलबाईंच्या खुर्चीमुळे. त्यांच्या वडिलांची जुनी आरामखुर्ची पॉलिशला आली होती. बाबा म्हणाले, ‘ही मी एकटा करणार, कोणी हात लावायचा नाही.’ मी त्या दिवसांत गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन कामं करत होते, त्यामुळे लक्ष दिलं नाही. बाबा रोज सकाळी खुर्ची पॉलिशपेपरने घासायचे, पहिला हात द्यायचे आणि वाळायला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची त्यांना नवीनच आलेली वाटायची. पुन्हा घासायचे, पुन्हा पहिला हात. असं किती दिवस चाललं कोण जाणे. वकीलबाई न्यायला आल्या तेव्हा खुर्चीचे हात बारीक झाले होते आणि पाठीवरचं कोरीवकाम बोटाला लागेना. बाबा म्हणाले, ‘अहो, आजच तर करायला घेतली.’ तू त्यांना ओळखतोस. आयुष्यात या माणसाने एक हात कमी देऊन कोणाचं लाकूड परत पाठवलं नाही. वकीलबाई मोठ्या मनाच्या. खुर्ची उचलून म्हणाल्या, ‘हलकी झाली, बरं झालं, मला एकटीला सरकवता येईल.’ त्या गेल्यावर मी मागे जाऊन डोळे पुसून आले.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि त्यांनी आम्हाला एका बाईंकडे पाठवलं. घराण्यातून उतरणाऱ्या आजारांचं बघतात त्या. आई त्यांना ‘जनुकबाई’ म्हणते. त्या एकेकाचं विचारत गेल्या आणि कागदावर पुरुषांना चौकोन, बायकांना गोल काढत गेल्या. ज्यांना आजार झाला ते काळे. आजोबांचा चौकोन काळा झाला तेव्हा मी तयारच होते. म्हटलं, ‘आमचं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे. दिवसभर स्पिरिटचा वास. त्यानेच होतं आमच्याकडे.’ त्यांनी मान हलवली आणि आत्याचा गोल काळा केला. मग सहज विचारलं, ‘आत्याही दुकानात काम करायच्या का?’

मी म्हटलं, ‘छे, त्या शाळेत शिकवायच्या. दुकानाच्या वासाने त्यांचं डोकं उठायचं. त्या तिकडे फिरकायच्याच नाहीत.’

आपल्याकडे याचं उत्तर पाठ आहे ना? आजोबांचे कपडे धुऊन धुऊन तिच्या डोक्यात वास गेला! लहानपणी आपण हे किती वेळा ऐकलं. परक्या बाईंसमोर ते तोंडातून बाहेर पडेना. पहिल्यांदाच कळलं की ते किती हास्यास्पद आहे.

बाबांचं रक्त तपासलं. एका जनुकात एक बारीकसा बदल आहे, तो आजोबांकडून आलाय. एवढंच. स्पिरिट नाही, लाख नाही, लाकडाचा भुसा नाही. इतकी वर्षं आपण चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. तू त्या वासाला घाबरून घर सोडलंस, भर गिऱ्हाइकांसमोर बाबांना म्हणालास, ‘या दुकानाने आजोबा खाल्ले, आता तुम्हाला आणि ताईलाही खाणार,’ आणि बाबा म्हणाले, ‘मग जा, मोकळी हवा खा.’ दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला दोघांनाही खोटं सांगितलं गेलं होतं, आणि सांगणाऱ्यांनाही ते खोटं आहे हे माहीत नव्हतं.

बाबा अजून बहुतेक दिवस सगळ्यांना ओळखतात. ‘बहुतेक’ हा शब्द नीट वाच. ये.

तुझी ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

इतक्या वर्षांनी पत्र, आणि त्यात ओळी किती? रोपांच्या कुंडीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर याहून जास्त लिहीत असशील. ‘दुकान बंद करा. तू बाहेर पड. जनुकं वगैरे सगळं थोतांड, डॉक्टरांना काहीतरी नाव द्यावं लागतं.’ पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

आणि शेवटी, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘आम्हाला जूनमध्ये बाळ होणार आहे. मला नको होतं. मी त्या वासात वाढलोय.’

गाढवा, ही बातमी अशी सांगतात का? आईला वाचून दाखवली. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, ‘त्याला लिही, बायकोला उंचावरच्या पायऱ्या चढायला लावू नकोस.’ तुमच्याकडे सगळ्याच पायऱ्या उंचावरच्या असणार, डोंगरावर राहिल्यावर. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, ‘कोणाला?’ मी म्हटलं, ‘धाकट्याला.’ थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘तो स्वतःच लहान आहे अजून.’ त्यात ते फारसे चुकले असं मला वाटत नाही.

आता तुझं दुसरं वाक्य. त्या वासात वाढलास म्हणून तुझ्या बाळाला काही होणार, असं तुझ्या मनात बसलंय. ते काढून टाक, कारण जे खरं आहे त्याला तिथेच जागा करायची आहे.

आपल्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये हल्ली एक सुतार बसतो. मी त्याला जनुकबाईंचं सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे फर्म्यासारखंच की.’ खुर्चीचे पाय कापायला तो पत्र्याचा फर्मा ठेवतो. फर्म्यात एक खाच चुकली की त्यावरून आखलेल्या प्रत्येक पायात ती खाच येते, मग लाकूड कितीही चांगलं असो. प्रत्येक माणसाकडे असे दोन फर्मे असतात, एक आईकडून आलेला, एक बाप देतो तो. बाबांच्या दोनांपैकी एकात खाच आहे. मूल होताना त्यातला एकच पुढे जातो. कुठला, ते कोणाच्या हातात नाही. म्हणून तुला निम्मी शक्यता, मला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखंच, पण तुझं नाणं वेगळं, माझं वेगळं. एकाचं काय पडलं त्यावरून दुसऱ्याचं काही ठरत नाही.

खाच असलेला फर्मा तुझ्याकडे आलाच नसेल, तर तो बाळाकडे जाणारच नाही. तो एक पिढी लपून बसून पुढच्या पिढीत उगवत नाही. हे वाक्य बायकोलाही वाचून दाखव.

आणि हेही सांगायला हवं, की सगळ्यांचा अल्झायमर असा नसतो. ज्यांना तो होतो त्यांतल्या बहुतेकांना म्हातारपणी होतो, आणि त्याचं असं एक कारण सापडत नाही, बरंच काही मिळून होतं. आपला प्रकार दुर्मीळ आहे. आपल्या घरात दुर्मीळ म्हणावं असं दुसरं काही नाही, हेच निघालं.

आईचं एक राहिलं. जनुकबाईंनी सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्या माहेरचं यात काही नाही ना?’ नाही म्हटल्यावर तिने पदर सावरला आणि बाबांकडे असं बघितलं की बाबाही हसले.

तपासून घ्यायचं की नाही हे तुझं तू ठरव. जबरदस्ती नाही. न कळण्याचाही हक्क असतो, असं बाई म्हणाल्या. माझं विचारू नकोस. आधी कामाचा ढीग उपसते, मग बघू. पण बाबांना बघायला यायला रक्त द्यावं लागत नाही. ये.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

रक्त दिलंस! तेही मला न सांगता, न भांडता. तुझ्या बायकोला मी पाहिलं नाही, पण ती काय चीज आहे ते कळलं. ‘मला माहीत असलेलं संकट चालेल, तुझं तोंड पाडून बसणं चालणार नाही,’ असं म्हणाली म्हणून लिहिलंयस. तिला माझा नमस्कार सांग. नाही, आशीर्वाद सांग. काय ते तूच ठरव, माझ्यापेक्षा ती शहाणी दिसते.

निकाल कसा सांगतात विचारतोस. कागद हातात देऊन पाठवत नाहीत. समोर बसवतात. खोली लहान असते, खिडकीला पडदा. टेबलावर पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवलेला असतो, आणि रुमालांचा डबा मुद्दाम जरा लांब, म्हणजे आल्या आल्या दिसून माणूस घाबरू नये. खुर्च्यांना मशीनचं पॉलिश, भिकार, कोपऱ्यांवर ओघळ आलेले. त्या ओघळांकडे बघत बसायला बरं पडतं. बाई आधी विचारतात, ‘आज ऐकायचंय ना? अजूनही नको म्हणू शकता.’ आणि थांबतात. मग सांगतात. गोल गोल बोलत नाहीत.

बायकोला बरोबर घेऊन जा. एकट्याने जाऊ नकोस. बाहेर आल्यावर जिना कुठल्या बाजूला आहे हेही सुचत नाही. म्हणजे, असं म्हणतात.

माझं अजून रखडलंय. एका शाळेची सगळी बाकं आली आहेत, शाईने, नावांनी आणि बाणांनी भरलेली. मुलांनी एकमेकांवर काय प्रेम केलंय! घासताना वाईट वाटतं. सुतार म्हणाला, एक तरी ठेवू या तसंच. ठेवलंय. मुख्याध्यापकांना विचारलेलं नाही.

सुताराबद्दल तू दोनदा विचारलंस. सुतार आहे, लाकूड कापतो. पुढे.

बाबा बाकांवर काम करतात. मी आता रोज खडूने खुणा करते, कुठल्या बाकाला कितवा हात झाला त्याच्या. एक गंमत सांगते. बाबांना सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही, पण बोळा हातात दिला की कापूस किती दाबायचा, स्पिरिट किती घ्यायचं, लाकडाच्या रेषेबरोबर कसं जायचं, हे हात विसरलेले नाहीत. परवा मी घाईत आडवा हात मारला तर माझ्या मनगटावर चापट बसली. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम परत चुकले. परत बसली.

ताई


५ मे

धाकट्या,

तू घरी नीट पोचलास हे कळलं. तुझ्यात ते नाही. हे मी इथे परत लिहितेय, कारण लिहायला बरं वाटतं. तुझ्यात ते नाही आणि तुझ्या बाळात येणार नाही. तू दारात उभा राहून हे सांगितलंस तेव्हा आईने तुझे कान धरले, लहानपणी धरायची तसे, आणि किती वेळ सोडलेच नाहीत.

तू विचारतोस, बाबांना मी पढवलं होतं का.

नाही. शपथ घेऊन सांगते. मी दुकानातल्या पडद्याच्या आड काम करत होते, मलाही धक्काच बसला. तू दुकानाच्या दाराबाहेर उभा, आत पाऊल टाकत नव्हतास. बाबा उठले, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘या साहेब, बसा. काय काम होतं?’ मला वाटलं, झालं, एवढ्या लांबून आला आणि गिऱ्हाईक ठरला. तूही काहीतरी पुटपुटलास, कपाटाचं वगैरे. मग बाबा आपणहून सांगायला लागले. ‘माझा धाकटा डोंगरावर असतो, साहेब. झाडं वाढवतो. आम्ही कापलेल्या लाकडाला चकाकी आणतो, तो न कापलेल्याची काळजी घेतो. मोठं काम करतो. मी त्याला फार टाकून बोललो. तुमच्याकडे कधी आला तर सांगा, बापाचा राग गेलाय.’

ते वाक्य त्यांच्या मनात किती वर्षं होतं आणि मुलापुढे का निघत नव्हतं, मला माहीत नाही. साहेबांपुढे निघालं. तू ‘सांगतो’ म्हणालास आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिलास. मी बाहेर आले नाही. तुला एकट्याला ते हवं असेल असं वाटलं.

आणखी एक. तू गेलास त्या संध्याकाळी बाबा हात पुसत आईला म्हणाले, ‘धाकटा जेवून गेला का?’ आईने ‘हो’ म्हटलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, कारण माझं डोकं फिरलंय. बसमध्ये चढताना तू मला म्हणालास, ‘ताई, बघ, वेळेवर बाहेर पडलो म्हणून वाचलो.’

तुला कळतंय का तू काय म्हणालास? बाईंनी समजावलं, मी समजावलं, तुझ्या बायकोने समजावलं, रक्ताने समजावलं, आणि तू परत त्याच वासावर येऊन बसलास. डोंगरावरच्या वाऱ्याने फर्मा बदलत नाही. तू आजोबांच्या पॉलिशच्या टेबलाखाली जन्मभर झोपला असतास तरी हाच निकाल आला असता. स्पिरिट काही अत्तर नव्हे. खिडक्या उघड्या ठेवायलाच हव्यात, डोकं दुखतं, घसा बसतो, हे सगळं खरं. पण हे त्याचं काम नाही. बाबांनी तुला ‘राग गेलाय’ सांगितलं. तुझा गेला का? तू दुकानाच्या आत आला नाहीस. बाहेरूनच बोललास, बाहेरूनच गेलास.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बस सुटली.

ताई

ता. क. पाण्याच्या ग्लासाचं मला कसं माहीत, असं विचारलंयस. बाबांच्या वेळी बघितलं होतं.


१८ जून

धाकट्या,

मुलगी! आणि डोळे आईसारखे! तुझी तार वाटावी इतकी छोटी चिठ्ठी मी सगळ्यांना वाचून दाखवली, शेजारच्या किल्लीवाल्यालाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळेपर्यंत मी एक गोष्ट लिहायची थांबले होते. आता लिहिते.

ग्लास मी बाबांच्या वेळी बघितला नव्हता. ती खोली वेगळी. माझं रक्त मी बाबांच्या निकालानंतर लगेच दिलं होतं, आणि तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या आठवड्यात मला सांगितलं गेलं. माझ्यात ते आहे.

आता लगेच काही म्हणू नकोस. पत्र खाली ठेव, मुलीला उचलून घे, मग पुढे वाच.

मी एकटी गेले होते. बाईंनी दोनदा विचारलं, ‘कोणी आलंय का बरोबर?’ मी म्हटलं, ‘येतील मागून.’ कोणी येणार नव्हतं. ऐकून झाल्यावर मी त्यांच्या खुर्चीच्या पॉलिशबद्दल बोलत बसले. त्या ऐकून घेत होत्या. बाहेर आल्यावर जिना सापडला नाही, ते तुला लिहिलंच आहे. दुकानात येऊन स्पिरिटच्या डब्यांमागे बसून रडले. मला भीती वाटते, धाकट्या. रोज नाही, पण वाटते. एखादं नाव आठवलं नाही की हातातला बोळा खाली ठेवते, मग आठवतं की हे नाव मला लहानपणापासूनच आठवत नाही.

तुला का नाही सांगितलं, ते ऐक. जी राहिली तिला आजार, जो पळाला तो मोकळा. आपल्या घरातल्या कोणालाही विचार, काय म्हणेल? ‘बघा, वास!’ आत्याने आजोबांचे कपडे धुतल्याचं कारण ज्या घराने शोधून काढलं, त्या घराला हा पुरावा मिळाला असता तर तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला असता. आणि सगळ्यात आधी तू म्हणाला असतास. आपण ताईला त्या वासात सोडून आलो, असं म्हणून रात्रंदिवस स्वतःला खाल्लं असतंस, बाबांचं तोंड पाहिलं नसतंस, आणि तो राग कधीच गेला नसता. म्हणून आधी तू यावंस, बाबांना भेटावंस, तुझा निकाल कळावा, तुझ्या मनातून दुकान सुटावं, आणि मग सांगावं, असं मी ठरवलं होतं. बेत छान होता. तू बसमध्ये चढताना एका वाक्यात त्याची वाट लावलीस.

तेव्हा आता मी तुला समजावणार नाही, सरळ सांगते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. दोन नाणी होती. तुझं एक पडलं, माझं दुसरं. उलटंही पडलं असतं. मी डोंगरावर गेले असते तरी माझं हेच पडलं असतं. तू मला कुठेही सोडून गेलेला नाहीस. मी इथे राहिले कारण मला हे काम आवडतं. मळकं, काळवंडलेलं लाकूड हाताखाली उजळायला लागतं तेव्हा मला जे होतं, ते तुला तुझ्या रोपाला पान फुटल्यावर होत असेल. त्या सुखावर कोणी दया दाखवलेली मला खपणार नाही.

आता चांगलं. मला अजून बरीच वर्षं आहेत. आपल्याकडे पन्नाशीआधी कोणालाच काही झालेलं नाही, आणि तिथवर माझे बरेच उन्हाळे जायचे आहेत. बाई म्हणाल्या, ज्यांच्यात बदल आहे पण आजार सुरू झालेला नाही, अशांवर नव्या औषधांची चाचणी चालू आहे, कारण आधीच अडवलं तर अडेल असं डॉक्टरांना वाटतं. मी नाव दिलंय. लागू पडेल असं वचन कोणी देत नाही. पण आजोबांना काय झालं ते कोणाला माहीत नव्हतं, आत्याला काय झालं ते खोटं माहीत होतं, बाबांचं खरं कळलं पण उशिरा. माझं खरं आणि वेळेवर कळलंय. आपल्या घरात असं भाग्य असलेली मी पहिली.

सुताराला सांगितलं. त्याने आधीच विचारलं होतं मला, लग्नाचं. मी उत्तर अडवून ठेवलं होतं. सगळं सांगून म्हटलं, ‘आता मागे घे.’ तो रंधा मारत होता, थांबला नाही. म्हणाला, ‘पुढे कधी वाळवी लागेल म्हणून कोणी कपाट करायचं सोडतं का?’ मी म्हटलं, ‘मी कपाट आहे का?’ तर म्हणाला, ‘नाही, कपाट कमी बोलतं.’ मी हो म्हटलं. त्याला आता भावोजी म्हणायची सवय कर.

मुलंबाळं व्हायची तर काय, याचंही बाईंशी बोलून ठेवलंय. मार्ग आहेत. घाई नाही.

मला एकच हवंय, आणि ते मागतेय. मुलीला घेऊन ये. दारापर्यंत नाही. आत.

ताई


३० जुलै

धाकट्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आईने एकदा, आणि सुताराने चष्मा लावून. इतकं लांब पत्र तू लिहू शकतोस हे माहीत असतं तर आधीच काहीतरी वाईट बातमी दिली असती.

मी औषधाच्या चाचणीसाठी मोठ्या इस्पितळात असेन तोवर तू, तुझी बायको आणि मुलगी इथे येऊन राहणार. रोपं तुझा मदतनीस बघेल. आणि पत्राच्या शेवटी विचारलंयस, ‘दुकान मी उघडतो. किल्ली कुठे ठेवतेस?’

ते वाक्य वाचून मी पाणी प्यायले. मग बाबांना सांगितलं, ‘धाकटा दुकान उघडणार आहे.’ ते म्हणाले, ‘उघडू दे. मला उशिरा उठायला मिळेल.’ मी जन्मात त्यांना उशिरा उठलेलं पाहिलेलं नाही.

किल्ली आईकडे असते. ती मागितल्याशिवाय देत नाही, आणि मागितली की आधी ‘कशाला?’ विचारते, तर उत्तर तयार ठेव. उघडल्यावर आधी मागची खिडकी, मग पुढची, म्हणजे वारा आरपार जातो. स्पिरिटच्या डब्यांची झाकणं लावून ठेव, फडकी रोज बाहेर वाळव, दिव्याजवळ नेऊ नकोस. गिऱ्हाईक घाई करेल, करू दे. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, कोणीही कितीही ओरडलं तरी. हे तुला येत होतं, येईल. चुकलास तर मनगटावर चापट बसेल, त्यासाठी बाबांना शेजारीच बसव. त्यांनी तुला साहेब म्हटलं तर ऐकून घे, धाकटा म्हटलं तर ओ दे.

खडूच्या खुणा बघायला विसरू नकोस. आणि शाळेचं ते न घासलेलं बाक मुख्याध्यापक घेऊन गेले, म्हणाले, त्यावर त्यांचंही नाव आहे.

मी घाबरलेली नाही असं लिहिणार होते, पण खोटं आहे. घाबरलेय आणि बॅग भरलीये, दोन्ही. औषधाने काही झालं तर झालं. नाही झालं तरी मी त्या रांगेत उभी राहिले म्हणून पुढच्या कोणाला तरी लवकर मिळेल. तुझ्या मुलीला ते लागणार नाही, याचा मला किती आनंद आहे ते तुला सांगता येत नाही, तिला मोठी झाल्यावर सांगेन. तेवढा वेळ मी मागून घेणार आहे.

मुलीला कुठे ठेवायचं विचारतोस. पुढच्या खोलीत, खिडकीशी, आईच्या मांडीवर. पॉलिशचं काम मागे, तिथे तिला न्यायचं नाही, तेवढं ध्यानात ठेव. बाकी घाबरू नकोस. ती शिंकली तर लगेच वासाचं नाव घेऊ नकोस. बाळं शिंकतात.

तुझी ताई